कुठेही, सर!

दर रविवारी सकाळी आमच्या गिरगावातल्या चाळीत नाना टिपणीस लेंग्यावर काळा कोट चढवून साहेब व्हायचे. बोटीच्या कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस गॅलरीत खुर्ची टाकायचा आणि चाळीतल्या नव्या बी.कॉम.ची मुलाखत घ्यायचा. खरी नव्हे, तालीम.

"बी.कॉम. म्हणजे पाव रे, पाव! कशाशीही खाता येतो," हे त्यांचं लाडकं मत. बँक घ्या, विमा घ्या, गिरणीतलं कॉस्टिंग घ्या. बँकवाल्याला मुलगी लवकर मिळते, विमेवाल्याचे बूट लवकर झिजतात आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही त्यानं कॉलेजात कॉमर्स शिकवावं.

शेवटचा प्रश्न ठरलेला. "बदलीवर जाल?"

उत्तरही ठरलेलं. "कुठेही, सर!" मध्ये श्वास घेतलात की नापास.

खाली रस्त्यावरून मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत मोर्चा चाललेला. अख्खं गिरगाव मुंबई मिळवायला निघालेलं आणि वर नाना पोरांना मुंबई सोडायला शिकवताहेत!

माझ्याकडून तर त्यांनी ते उत्तर इतकं घोटवून घेतलं, की पहिल्या खऱ्या मुलाखतीत साहेब नुसतं "बसा" म्हणाले आणि मी ओरडलो, "कुठेही, सर!" बसलोही, टायपिस्टबाईंच्या खुर्चीत. बाई फाईल आणायला उठल्या होत्या म्हणून निभावलं.

दुसरं बोलावणं आलं ते कलकत्त्याच्या जागेसाठी. वडील निवृत्तीला टेकलेले. ही नोकरी हुकवून चालणार नव्हतं. आदल्या संध्याकाळी नानांनी खास तालीम ठेवली.

"मिस्टर सामंत, घसारा म्हणजे काय?"

मी धडाधड उत्तरं देत सुटलो. नाना खूश. "उद्या तुला घेतलं नाही, तर हा कोट बोहारणीला देईन!"

आणि तालीम संपल्यासारखे खुर्चीतून उठलेच.

आतून नानी म्हणाल्या, "विचारा की पुढचं. मधूकडून तर पाठ करून घेतलं होतंत."

मधू त्यांचा एकुलता एक. नानांचा पहिला उमेदवार, पहिल्याच झटक्यात पास झालेला. तोही कलकत्त्यालाच होता. त्याला दिवाळीलाही रजा मिळत नसे.

"नाना, शेवटचा प्रश्न राहिला," मी आठवण केली.

नानांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर घातला. बाह्या नीट केल्या.

"तो उद्या तिथले साहेब विचारतीलच रे," ते म्हणाले. "तू फक्त उत्तर देण्याआधी एक श्वास घे."