कवडूजींची तीस वर्षं

एकाहत्तर वर्षांचा माणूस रोज सकाळी धानाचं पोतं छातीशी कवटाळून उचलतो, उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत नेतो आणि पुन्हा जागेवर आणून ठेवतो. हे धान विकायचं नाही, भरडायचं नाही, नुसतं फिरवायचं. आमच्या अड्याळच्या गल्लीत आता कोणी मान वळवूनही बघत नाही. कवडूजींचे याहून मोठे चाळे गल्लीने पाहिलेत.

मी इथल्या दवाखान्यात नर्स. वर्षापूर्वी बदलून आले आणि नेमकी यांच्या शेजारची खोली मिळाली, माझं नशीब! कवडूजींनी जन्मभर हातमागावर लुगडी विणली. आता माग बंद, बायको वारलेली. घरात एक मुलगी, बबी. ती पायांनी अधू, आतल्या खोलीत रेडिओ ऐकत असते. अशा वयात माणसाने देवाचं नाव घ्यावं की नाही? यांनी मोबाइल घेतला. त्यात एक बनियनवाला पैलवान भेटला. तो म्हणाला, पेप्टाइड घ्या, म्हातारपण थांबवा. झालं!

मग ओट्यावर बसवून माझाच वर्ग घेतला. "हे पाहा जी सिस्टर, प्रोटीन म्हंजे आखं लुगडं. पेप्टाइड म्हंजे त्याच धाग्याचा चार बोटं तुकडा. तो पेशीले निरोप देते, का इथं उसवलं, शिव. म्हातारपण म्हंजे दुसरं काय? उसवण!"

हे फारसं चुकीचं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"कोणता तुकडा कोणता निरोप देतो, हे कोणी तपासलं?"

"तुमचं इन्सुलिन बी पेप्टाइडच हाय ना जी?"

"आहे. पण ते तपासून घेतलेलं असतं, डॉक्टर मोजून देतात. तुम्हाला बनियनवाला देतो!"

ऐकतील तर ते कवडूजी कसले? कुरिअरने कुप्या आल्या. यांचा फ्रिज बिघडलेला, म्हणून डबा माझ्या फ्रिजमध्ये, दह्याला खेटून. वर रुबाब, "दार जोरानं नोका लावू जी, निरोप हलतेत." मी टोचून द्यायला साफ नकार दिला, तर स्वतःच पोटाला टोचू लागले. मग पानठेल्यावर जाऊन दंड दाखवायचे. "धागा न् धागा कसून राहिला!" दंड कसला, वाळलेली शेवग्याची शेंग.

एकदा विचारलं, "अजून किती जगायचंय?"

"तीस वर्षं."

"वीस नाही चालणार?"

"नाही जी. तीसच."

एवढी हाव! बाप्पा, यमाकडे यांचं काय राशन कार्ड आहे?

एका रविवारी दही काढताना एक कुपी हातात आली. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, फक्त प्रयोगशाळेसाठी, माणसांसाठी नाही. माझं डोकंच फिरलं. डबा उचलला आणि तरातरा यांच्या अंगणात शिरले. कवडूजी पोतं उघडून पायलीच्या मापाने आणखी धान ओतत होते.

"माणसांसाठी नाही म्हणून लिहिलंय यावर!"

"मंग मी कोठं माणूस राहिलो जी, म्हातारा झालो."

"थट्टा पुरे! आणि हे पोतं कशाला भरताय? आता कुस्ती खेळायची आहे?"

"बबी भरली ना जी. परवा मोठ्या दवाखान्यात वजन केलं, दोन किलो वाढली. पोतं तिच्यायेवढं ठेवा लागते. पोतं हातातून सुटलं त धान गोळा करता येते. बबी सुटली त?"

तेवढ्यात आतून बबीची हाक आली, "बाबा, न्हाणीत न्या ना."

ते आत गेले. वर्षभरात मी पहिल्यांदा त्या खोलीत डोकावले. कवडूजींनी एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, श्वास धरला आणि तिला छातीशी घेतलं. खाटेपासून न्हाणीपर्यंत पावलं तेवढीच होती, उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत असतात तेवढी.

बाहेर येऊन धापा टाकत ओट्यावर बसले.

"बबी एकेचाळीसची हाय. अजून तीस वर्षं, ते माझ्या आजच्या वयाची होयेपर्यंत, मी राहिलो त तिचं निभते. माझ्यामागं तिले कोण उचलन जी?"

मला माझीच लाज वाटली. नर्स म्हणवते मी, आणि वर्षभर या माणसाला हसत होते.

"कवडूजी," मी म्हटलं, "ही ताकद कुपीची नाही, पोत्याची आहे. रोज उचलता म्हणून टिकली. कुप्या मी नेते. पोतं सोडू नका."

"आन् तीस वर्षं?"

मी पोत्याचं तोंड बांधून दिलं आणि डबा घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून धान आणलं. आता माझ्याही अंगणात पोतं आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे थेर! गल्ली मला हसते, हसू दे. सध्या चारच पायल्या उचलवतात. कवडूजी ओट्यावरून ओरडतात, "कमरेतून नोका वाकू जी सिस्टर, गुडघ्यातून!"

दर सोमवारी ते स्वतः येऊन पायलीभर धान वाढवतात. बबीएवढं व्हायला अजून पुष्कळ बाकी आहे.