अडीच इंच नानांचे

खैरनार नाना घरात खिळा ठोकण्याआधी त्याची लांबी मोजतात. त्यांच्या आणि आमच्या फ्लॅटमधली भिंत पाच इंची आहे. त्यातले अडीच इंच त्यांचे, अडीच आमचे. नानांची सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात, लोकांच्या बांधावरची भांडणं ऐकण्यात झाली. निवृत्तीनंतर स्वतः भांडायला ही एकच भिंत उरली.

नाशिकमध्ये राहून त्यांचं बोलणं शहरी झालंय, पण राग आला की नामपूरची अहिराणी बाहेर पडते. आम्ही कॅलेंडर लावत होतो तेव्हा ते टेप घेऊन दारात हजर.

"खिळा किती इंची?"

"दोन."

"मग ठोका. पण हद्द सोडू नका."

यंदा बाथरूमचं काम निघालं तेव्हा हरकत येणार हे ठरलेलंच होतं. आई पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. शनिवारी ती घरी येणार होती आणि कमोडशेजारी धरायला भक्कम दांडी हवी होती. मिस्त्रीने ड्रिल लावलं, तर वीट भुसभुशीत निघाली.

"साहेब, आजींचा भार ही भिंत नाही पेलणार. बोल्ट आरपार टाकायला लागतील. नट पलीकडून."

पलीकडे नानांचं बाथरूम. ड्रिलचा आवाज ऐकून ते टेप घेऊन आलेच होते.

"हाई भिंत मनी बी शे!" ते मिस्त्रीवर कडाडले. "अडीचच्या पुढं माझ्या हद्दीत गेलास तर लेखी हरकत देईन!"

दांडी कशासाठी आहे, ते मी सांगितलं. नानांनी टेप गुंडाळला.

"शनिवारी येताहेत? मग दोनच दिवस आहेत. पाडा भोकं."

तासाभरात चार बोल्टांची टोकं त्यांच्या बाजूला बाहेर आली. त्यांच्या बाथरूममध्ये जाऊन मी म्हणालो, फुटलेल्या टाइल्स बदलून देतो.

"टाइल्स राहू द्या. याच बोल्टांवर माझ्याकडेही एक दांडी बसवा."

"तुम्हाला कशाला, नाना?"

"पडलो होतो. मागच्या आठवड्यात."

"अहो, मग हाक मारायची!"

"मारली की. भिंतही ठोकली. तुम्ही सगळे आईंजवळ दवाखान्यात होता."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मिस्त्रीने विचारलं, "काका, आजींच्या उंचीची दांडी तुम्हाला चालेल का?"

नाना कमोडवर बसले. भिंतीकडे हात नेला आणि बोल्टांच्या टोकांवर ठेवला.

"चालेल," ते म्हणाले. "त्या दिवशी पडताना हात इथंच आला होता."