सुंदरक्का आणि विटकरी स्वेटर

सुंदरक्का माणसाचा स्वेटर आधी बघत, चेहरा नंतर. चामराजपेठेत त्या आमच्या शेजारी राहायच्या. तेव्हा बंगळूरला हटकून थंडी पडायची आणि पेठेतले निम्मे स्वेटर अक्कांच्या हातचे असायचे. कुणाच्या गळ्याशी चुकलेला टाका दिसला, की त्याला भर रस्त्यात थांबवत. "स्वल्प थांब. काढ बघू तो. उसवू या."

एकदा काढून दिलेला स्वेटर परत मिळेपर्यंत उन्हाळा लागायचा. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या काकांची बाही बसल्या जागी उसवायला घेतली. काकांनी मंगलाष्टकं संपेपर्यंत एका बाहीनिशी अक्षता टाकल्या. "सरी, बरं झालं," अक्का लोकर गुंडाळत म्हणाल्या, "दुसरी घरी आणून द्या."

उसवलेल्या लोकरीच्या सुरकुत्या जाव्यात म्हणून त्या ती धुऊन, लडी करून दोरीवर टांगत आणि खाली वजनाला तांब्या बांधत. त्या तांब्यांवर डोकं आपटलं नाही असा माणूस आमच्या आवारात नव्हता.

आम्हा मुलींना त्यांनीच विणायला शिकवलं. "चुकलं तर लपवायचं नाही गं. उसवलं की शिकलं." मी इतकं उसवलं, की त्या हिशेबानं मी पंडिता व्हायला हवी होते.

गंमत अशी, की पेठेतला सगळ्यात वेडाविद्रा स्वेटर त्यांच्याच घरात होता. त्यांचे यजमान भीमरावअण्णा एका कचेरीत कारकून होते. लग्नानंतर अक्कांनी त्यांच्यासाठी पहिलावहिला स्वेटर विणला होता, विटकरी रंगाचा. डावी बाही लांब, गळा खांद्याकडे कललेला, वीण कुठे मच्छरदाणीसारखी तर कुठे पुठ्ठ्यासारखी. अण्णा बाही दुमडून तोच घालून कचेरीत जात. अक्का मागे लागत, "अहो, द्या तो. लोक म्हणतील, हिला विणता येत नाही." अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणत, "राहू दे. ऊब आहे त्यात."

एका हिवाळ्यात अण्णा तापानं अंथरुणाला खिळले आणि स्वेटर खुंटीवर राहिला. अक्कांनी संधी साधली. बरे होऊन उठतील तेव्हा बिनचूक स्वेटर अंगावर चढवू, असा त्यांचा बेत. उसवला, धुतला, तांबे बांधले. एका संध्याकाळी अण्णांनी थंडी वाजते म्हणून स्वेटर मागितला. अक्कांनी त्यांच्या अंगावर शाल घातली. नव्या स्वेटरचा खालचा काठ तेवढा विणून झाला होता, आणि अण्णा गेले.

त्यानंतर अक्कांनी रस्त्यात कुणाला अडवलं नाही. ज्यांना आम्ही चुकवत पळायचो, त्यांनी आता हाक मारावी असं वाटे, पण त्या मारत नसत.

पुढच्या थंडीत मी त्यांच्याकडे गेले. माझ्या स्वेटरला काखेत एक टाका गळलेला होता. त्यांच्या बोटांना तो बरोबर सापडला. मी सवयीनं स्वेटर काढायला लागले.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

मांडीवर विटकरी लोकर होती. राहिलेलं काम पुरं करत असतील, असं मला वाटलं. त्यांनी विणलेली बाही पुढे केली. "कशी झालीय, बघ."

"सुरेख, अक्का. एक टाका इकडचा तिकडे नाही," मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि ते खरंही होतं.

त्यांनी सुई काढून घेतली आणि बाही सरसर उसवून टाकली.

"ही नको गं. ह्यांची होती तसली पाहिजे," त्या म्हणाल्या. "मुद्दाम सैल धरते, मुद्दाम चुकते. स्वल्प विणून होतं, की हात आपला सरळ चालायला लागतो. शिकलाय ना मेला. आता चुकतच नाही."