सहाशे एकावं खोकं

आगाऊ कस्टम नोंदणी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! हे मी सोमवारी सकाळी, भर कारखान्यात, चहाच्या वेळेला, चौदा माणसांसमोर म्हणाले. चौदा साक्षीदार आहेत, त्यामुळे आता नाकारायची सोय नाही.

मी शिवलीला. सोलापुरात एमआयडीसीत चनमल्लप्पा आण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे, तिथं मी कामाला. वीस वर्षं आण्णांचा माल मुंबईचा एक व्यापारी घ्यायचा, स्वतःचं लेबल लावायचा आणि परदेशी धाडायचा. टॉवेल आमचे, नाव त्याचं! "आण्णा, आपणच थेट पाठवू की!" हे टुमणं मी तीन वर्षं लावलं. शेवटी वैतागून त्यांनी मला एक टेबल आणि एक कॉम्प्युटर दिला. आणि मी काय केलं? जर्मनीतल्या उर्सुलाबाईंची ऑर्डर आणली! त्यांच्या हॉटेलांसाठी टॉवेलांची सहाशे खोकी. अट एकच होती. ठरलेल्या जहाजानं माल निघाला नाही तर ऑर्डर रद्द.

आण्णांनी मला समोर बसवलं. "हे बघ, शिवलीला. जहाज गाठलंस तर टेबल तुजं. चुकलीस तर एक्स्पोर्ट बंद, आन् तू परत गोडाऊनात टॅग लावायला. कळलं न्हवं?"

"आण्णा, तुम्ही निवांत राहा!" मी म्हटलं. गोडाऊनात मी सहा वर्षं टॅग लावलेत. पुन्हा तिथं जायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

आता ही नोंदणी म्हणजे काय, तर माल जहाजावर चढायच्या आधीच तिकडच्या कस्टमला सगळं कळवायचं. आत काय आहे, किती खोकी आहेत, कोण पाठवतंय, कोण घेतंय. त्यांनी होकार दिला तर कंटेनर चढणार. नाही दिला तर बंदरावरच बसणार. हे काम आमचे बंदरावरचे एजंट बाळासो यांच्यामार्फत व्हायचं. माहिती मी भरायची, ती पुढं त्यांनी पाठवायची. बाळासो मूळचे माढ्याचे, स्वभाव शांत. माझ्याशी गाठ पडेपर्यंत तरी शांत होता.

"मॅडम, मालाचं वर्णन 'उत्कृष्ट सोलापुरी माल' असं लिहिलंय तुम्ही."

"मग? खोटं आहे का?"

"तिकडच्या कॉम्प्युटरला उत्कृष्ट कळत नाही. काय आहे आणि कशाचं आहे, तेवढंच लिहा."

मी मुकाट्यानं 'सुती टॉवेल' लिहिलं.

"आणि पत्ता? 'बसूच्या चहाच्या गाड्यासमोर'?"

"सगळे तसेच येतात की!"

"मॅडम, जर्मनीचं कस्टम बसूला ओळखत नाही!"

प्लॉट नंबर शोधायला अर्धा दिवस गेला. तो कारखान्यात कुणालाच माहीत नव्हता, आण्णांनासुद्धा! शेवटी लाइटबिलावर सापडला. पण बुधवारी संध्याकाळी नोंदणी एकदाची गेली आणि नंबर आला. मी तो नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवला आणि जो येईल त्याला दाखवला. पाणी भरायला आलेल्या माणसालाही!

गुरुवारी कंटेनर भरला. पूजा झाली, नारळ फुटला, सील लागलं आणि अकरा वाजता मायाप्पा ट्रेलर घेऊन बंदराकडं निघाले. मायाप्पा सांगोल्याचे, शब्दाला पक्के. गाडी भरताना मी मात्र ऑफिसात फोनला चिकटले होते. तिथंच घात झाला!

दुपारी डबा उघडला, तर शेजारी गंगम्मा येऊन बसल्या. आण्णांच्या आई, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. अव्वांनी माझ्या डब्यातली वांग्याची फोड उचलली आणि सहज विचारलं, "शिवलीला, बोटीत चटणी खराब न्हाई होणार न्हवं?"

"कुठली चटणी, अव्वा?"

"शेंगाची. दुसरी कुटली? त्या जर्मनीच्या बाईनं मोबाइलवर इचारलं की, तुमी काय खाता म्हणून. म्या म्हटलं, पाठवते. पंचवीस पाकिटं भरली. वर कडक भाकरी."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. "आणि ते... कुठं ठेवलं?"

"खोक्यात! कंटेनरात!"

मी डबा तसाच टाकून आण्णांच्या केबिनमध्ये घुसले. "आण्णा! कंटेनरात किती खोकी गेली?"

"सहाशे एक."

"ऑर्डर सहाशेची आहे!"

"व्हय की. पर सहाशे कसं पाठवायचं? शेवटाला शून्य! आपल्याकडं कुनी शून्यावर थांबतं का? शून्यावर थांबलं की काम तितंच संपलं. एक वर पायजेच! टॉवेलची मोजून सहाशेच खोकी हुती. अव्वानं म्हटलं, माजं खोकं घाल. बेस झालं!"

बेस? माझ्या डोळ्यांसमोर गोडाऊनातली टॅगची पोती नाचायला लागली! मी बाळासोंना फोन लावला.

"बाळासो, समजा, नुसतं समजा हं, एका टॉवेलच्या कंटेनरात शेंगाची चटणी असली तर?"

"मॅडम, किती?"

"पंचवीस पाकिटं. आणि भाकरी."

"नोंदवलीय?"

"नाही."

"अहो मॅडम! खायची वस्तू, त्यात शेंगदाणा, आणि तीही न नोंदवलेली! तिकडं शेंगदाण्याची तपासणी किती कडक असते, माहितीय का? सापडली तर अख्खा कंटेनर अडकेल! गाडी परत बोलवा, ते खोकं काढा, नवीन सील लावा. परवानगीचं मी बघतो. पण उद्या दुपारच्या आत कंटेनर बंदरात पाहिजे!"

मी लगेच मायाप्पांना फोन केला. घाईत, ओरडूनच बोलले. "मायाप्पा! आहात तिथं थांबा! इंचभरसुद्धा पुढं जाऊ नका! सीलला कुणाला हात लावू देऊ नका!"

"बरं, ताई."

पाचच मिनिटांत आण्णांच्या फोनवर टोलनाक्याच्या साहेबांचा फोन! "तुमचा ट्रेलर लेनमध्ये आडवा उभा आहे! मागं दीड किलोमीटर गाड्या तुंबल्यात! ड्रायव्हर म्हणतो ताईंचा हुकूम आहे, इंचभर हलणार नाही!"

आण्णांनी फोन माझ्या हातात कोंबला. मी साहेबांना म्हटलं, ड्रायव्हरला द्या. "मायाप्पा! गाडी पुढं घ्या!"

"मगाशी तुमीच म्हनला, इंचभर न्हाई."

"आता मीच म्हणते, घ्या! आणि वळवून परत कारखान्यात या!"

"बघा हं ताई. मागनं मला बोल लावायचा न्हाय. हितं लोक लई शिव्या देत्यात, पर म्या तुमच्या शब्दासाठी सोसल्या."

साडेतीनला ट्रेलर कारखान्यात परत आला. सील कापलं, दार उघडलं. मी विचारलं, "कुठं आहे ते खोकं? समोरच असेल ना?"

आण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "शुभ काम अव्वाच्या हातनं सुरू केलं की गं. सगळ्यात पयलं ठेवलंय."

सगळ्यात पहिलं! म्हणजे सगळ्यात आत! म्हणजे सहाशे खोकी बाहेर काढल्याशिवाय ते दिसणारसुद्धा नाही! मी तिथंच पायरीवर बसले. मग उठले आणि पदर खोचला. माग बंद करून सगळे आले. हमाल, शिवणवाल्या बायका, हिशेबनीस पंचाक्षरी, सगळे! इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आण्णासुद्धा खोकी उचलायला लागले. अव्वा फाटकाजवळ खुर्ची टाकून फुगून बसल्या. "माजी चटणी काय बाँब हाय का?"

"अव्वा, तिकडं तसंच समजतात!"

"मग तिकडली मानसं खातात तरी काय?"

मी हातात पाटी घेऊन मोजत होते आणि तोंडानं सगळ्यांना बोलत होते. "आकडा म्हणजे आकडा! कस्टमला शुभ-अशुभ नसतं! लिहिलं तेवढंच पाठवायचं! कुणी सांगितलं होतं एक वर घालायला? शिकलेली माणसं ना तुम्ही?" आण्णा माझे मालक, पण त्या दिवशी खाली मान घालून ऐकून घेत होते. खरं सांगू? मला जरा बरंच वाटत होतं.

चटणीचं खोकं निघालं. सहाशे खोकी पुन्हा आत गेली. मी एकदा मोजली, पंचाक्षरींनी एकदा मोजली. सहाशे! नवीन सील लागलं आणि दिवेलागणीला मायाप्पा पुन्हा निघाले. सगळ्यांना सपाटून भूक लागली होती. अव्वांचं खोकं फोडलं आणि माणसं कडक भाकरीवर तुटून पडली.

मी ऐटीत बाळासोंना फोन लावला. "निघाला कंटेनर! मोजून सहाशे! दोनदा मोजली!"

"सहाशे?"

"एक कमी नाही, एक जास्त नाही!"

कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, तुम्ही नोंदणीत सहाशे एक लिहिलंय."

"शक्यच नाही!"

"फोटो पाठवतो."

फोटो आला. सहाशे एक. माझ्याच नावाखाली! मग मला हळूहळू आठवलं. बुधवारी मी सहाशेच टाकलं होतं. पण त्या चौकटीत ते दोन शून्यांवर थांबलेलं सहाशे कसंतरीच दिसत होतं, अपशकुनी! बोट आपोआप गेलं आणि शेवटच्या शून्याचा एक झाला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. आणि गेले तीन तास मी अख्ख्या कारखान्याला आकड्यावर झापत होते!

"बाळासो," मी एकदम बारीक आवाजात म्हटलं, "आता?"

"दुरुस्ती टाकतो. सकाळी उत्तर येईल. होकार आला तर चढेल. नाही आला तर..."

रात्र कशी गेली ते विचारू नका. सकाळी सव्वानऊला फोन वाजला, तो मी पहिल्याच रिंगला उचलला.

"मॅडम, दुरुस्ती मंजूर. होकार आलाय. मायाप्पाही बंदरात पोचलेत."

मी खुर्चीत बसले आणि घळाघळा रडले. शनिवारी कंटेनर जहाजावर चढल्याचा निरोप आला आणि आण्णांनी कारखानाभर बालुशाही वाटली. माझं टेबल वाचलं होतं! गोडाऊनाच्या दारावरनं मी त्या दिवशी उगाचच चारदा जाऊन आले, नुसतं बाहेरून बघायला.

आण्णा मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "चूक माजी हुती. ही पोरगी हुती म्हणून वाचलो. आकडा कसा लिहायचा, ते हिच्याकडनं शिका! सोमवारी शिवलीला सगळ्यांना तासभर समजावंल."

टाळ्या पडल्या. आण्णांना खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ! पण तोंडात बालुशाही होती.

सोमवारी मी तासभर शिकवलं. 'आकडा आहे तस्साच लिहायचा' हे फळ्यावर लिहिलं, आण्णांनी पहिल्या बाकावर बसून वहीत उतरवून घेतलं. मधे बाळासोंचा फोन आला, तो तेवढा मी बाहेर जाऊन घेतला.