घिवलीतला शुद्ध बोलण्याचा कायदा

भगवंत गुरुजींनी छातीवर हात मारून सांगितलं होतं, "वर्षभरात अख्खी घिवली पुस्तकासारखी बोलेल, नाहीतर नाव बदलीन!" शेजारी तारापूरला अणुवीजघर उभं राहत होतं, देशोदेशीचे साहेब येत होते. आपली पोरं 'हाय-नाय' करत राहिली तर त्यांना तिथं दारात तरी कोण उभं करील? म्हणून गुरुजींनी कायदा काढला. अशुद्ध बोलणारा दिसला की मुलांनी त्याला वाटेत अडवायचं, शुद्ध वाक्य तीनदा म्हणून घ्यायचं आणि मगच सोडायचं!

मुलांना आणखी काय हवं होतं? त्यांनी सख्ख्या आज्यांनाही सोडलं नाही. शेजारची नवसी मासळी विकायला निघायची. ती "बोंबील ताजे आहेत" तीनदा म्हणेपर्यंत गिऱ्हाईक वांगी घेऊन घरी पोचलेलं असायचं.

कायदा जोरात होता, पण गुरुजींचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांची बायको राहीबाई तिकडे त्यांच्या गावी, माणदेशात, सासूच्या आजारपणात अडकली होती. गुरुजींची घिवलीला बदली झाल्यापासून, चौदा महिने! राहीबाई म्हणजे चूल पेटल्यापासून दिवा मालवेपर्यंत अखंड बोलणं. पूर्वी गुरुजी त्या बडबडीला कंटाळायचे. आता खोलीत फक्त समुद्र ऐकू यायचा, आणि तिच्या आवाजाच्या आठवणीनं त्यांना घास गिळवत नसे.

अखेर सासू बरी झाली, 'रविवारी येते' असं पत्र आलं. गुरुजी कडक इस्त्रीचा सदरा घालून बोईसर स्टेशनावर उभे राहिले. तीन गाड्या येऊन गेल्या. राहीबाई गुरुजी पोचायच्या आधीच उतरून एस.टी.त बसली होती, हे त्यांना कोण सांगणार?

घिवलीच्या थांब्यावर उतरून तिनं विचारलं, "पोरांनो, गुर्जीचं घर कुटं हाय रं?"

झालं! पोरांनी कडं केलं. "'गुरुजींचे घर कुठे आहे?' तीनदा म्हणा!"

"आगं बया! ह्ये काय आनि?"

"'अगं बाई, हे काय आणखी?' तीनदा!"

पाच मिनिटांची वाट. राहीबाईला दीड तास लागला.

संध्याकाळी गुरुजी धापा टाकत घरी आले. "राही! कधी आलीस?" किती वाजता ते तिनं बोटांनी दाखवलं. "आई कशी आहे?" मान हलवली. "रागावलीस?" नकाराची मान.

असे चार दिवस गेले! भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर, शब्द एक नाही. होडीवाल्या चिंधू नाखव्यानं तर गुरुजींना वाटेतच गाठलं. "गुर्जी, बायको मुकी हाय तं आदी सांगाचं ना! आमचा भगत हाय, अंगारा लावून बघल तो!"

पाचव्या दिवशी गुरुजी शाळेतून लवकर परतले आणि घरामागून आवाज आला. तोच आवाज! बोंबील वाळत टाकलेल्या बांबूंच्या आड ते उकिडवे बसले. पलीकडे राहीबाई नवसीशी बोलत होती. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत होतं, पण हसणं थांबत नव्हतं.

"घरात का नाय बोलं तू?" नवसीनं विचारलं.

"आगं, त्या पोरांनी त्येवडं छळलं. घरात तर त्यांचा गुरूच बसलाय! तितं त्वांड कोन उगडंल?"

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं बोंबलांच्या वासानं, बरंचसं लाजेनं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कायदा मोडीत काढला. संध्याकाळी चुलीपाशी बसून, पुण्याला शिकायला गेल्यापासून तोंडात न आलेली गावची बोली त्यांनी बाहेर काढली. "राहे, म्या लई चुकलोया गं! बोल की माज्यासंगट रं!"

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. मग फुटलीच! "आवं, असं कोन बोलतंय आपल्याकडं? नाटकातल्या पाटलावानी! नुसतं 'चुकलं माजं' म्हना."

"चुकलं माझं."

"माझं न्हवं, माजं! परत म्हना!"

भात करपला तरी शिकवणी चालूच. ऐकता ऐकता गुरुजींनी मनाशी पक्कं केलं, की आता रोज संध्याकाळी मुद्दाम चुकायचं, म्हणजे ही बोलत राहील.

मुद्दाम चुकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही.