सभागृहात माझी श्रद्धांजली

साठीला आलेल्या माणसाने फोटो काढू नये. मी काढला आणि वर तो बिलियानाकडे दिला.

बिलियाना आमच्या राष्ट्रीय टीव्ही पुरस्कारांच्या सोहळ्यासाठी चित्रफिती जोडते. मी आवाज देणारा नट. परदेशी मालिकांतल्या मंडळींना बल्गेरियनमध्ये बोलतं करतो. सध्या एका तुर्की मालिकेतल्या खाष्ट सासऱ्याचा आवाज माझा आहे. बाजारात मी "अर्धा किलो टोमॅटो" म्हटलं की बायका दचकून वळतात, मला बघतात आणि पुन्हा टोमॅटो चाचपायला लागतात. (माझी बायको नेवेना म्हणते, "चेहरा वाईट नाही रे तुझा, लक्षात राहत नाही इतकंच.")

यंदाही मला नामांकन नव्हतं. निमंत्रण मात्र आलं, खुर्च्या भरायला. बाहेर सोफियातला नोव्हेंबर, आत मन त्याहून मळभलेलं. म्हटलं, एकदा तरी आपलं थोबाड पडद्यावर दिसू दे. फोटोमागे नाव लिहून मी बिलियानाला गाठलं.

"पोरी, कुठेही घुसव. क्षणभर दिसला तरी पुरे."

"ठेवा तिथे, काका," ती मान वर न करता म्हणाली.

सोहळ्याला मी लग्नातला सूट घातला. (बटण लावलं की श्वास घेता येत नव्हता. पण श्वास घ्यायला कुणी सोहळ्याला जातं का?) बक्षिसं वाटली जात होती. बातम्या सांगणाऱ्या बाईंना मिळालं, त्या रडल्या. त्यांना दरवर्षी मिळतं, त्या दरवर्षी रडतात. आवाजाचं बक्षीस गेलं माझ्याच मालिकेतल्या सुनेच्या आवाजाला, जिला मी रोज घराबाहेर काढतो. मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत.

मग दिवे मंदावले, व्हायोलिन रडू लागलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली : 'यंदा आपल्याला सोडून गेलेले'. सगळे उठून उभे राहिले. एक कॅमेरामन आला, एक जुन्या निवेदिका आल्या. त्यानंतर मी आलो. हसतमुख.

"हा तू आहेस," नेवेना कुजबुजली.

"मीच आहे."

"फोटो बरा आलाय."

"नेवेना, मी मेलोय!"

"हळू. लोक शांतता पाळतायत."

पुढच्या रांगेत प्लामेन उभा होता. एकाच खोलीत, एकाच माइकसमोर आम्ही कित्येक वर्षं काढली होती. त्याच्या बायकोने विचारलं, "कोण हा?"

प्लामेन म्हणाला, "असेल कोणी बिचारा."

इथे माझा तोल गेला. "अरे, मी जिवंत आहे!" मी ओरडलो. अगदी सासऱ्याच्या आवाजात.

सभागृह शहारलं. सूत्रसंचालकाने डोळे टिपले. "ऐकलंत? माणूस जातो, आवाज राहतो," तो म्हणाला. लोकांना वाटलं, ध्वनिमुद्रणच लावलंय. असा टाळ्यांचा कडकडाट झाला की काय सांगू! मागे वळून माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. उभ्या आयुष्यात मला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. (खोटं कशाला बोलू, मी मान किंचित झुकवली.)

नेवेनाने कोट ओढला. "बस खाली. स्वतःच्या मयताला कसले नमस्कार करतोस?"

नंतर बिलियाना म्हणाली, "काका, टेबलावर फोटो सापडला, चेहरा कुणालाच ओळखू येईना. मला वाटलं, तुम्ही यंदाच गेलात."

सकाळी दार उघडलं तर दारावर काळ्या चौकटीचा कागद डकवलेला, कुणी गेलं की आमच्याकडे लावतात तसा, त्यावर माझं नाव. समोर उभ्या खालच्या मजल्यावरच्या स्तोइल्का मावशी, हातात मयतानंतर वाटतात ते गोड गहू. मला बघून त्या घाबरल्या नाहीत, वैतागल्या.

"रात्री टीव्हीवर पाहिलं, पहाटेपासून उकडलेत. वर साखर पेरली. आता काय करू ह्याचं?"

"द्या इकडे," नेवेना म्हणाली.

न्याहारीला आम्ही तेच खाल्लं. गहू छान शिजले होते. खाता खाता नेवेना थांबली.

"काल तुझा फोटो पडद्यावर होता ना, तेव्हा मी अंधारात तुझा हात चाचपला."

"मला कळलंच नाही."

"कसं कळेल? तू टाळ्या ऐकत होतास."

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. पुरस्कार समितीचे अध्यक्ष होते.

"नेवेना व्रांचेवा बाई आहेत का? कालचा प्रतिसाद बघून आम्ही त्यांच्या यजमानांना जीवनगौरव द्यायचं ठरवलंय. मरणोत्तर."

"मी यजमानच बोलतोय."

पलीकडून आलं, "अरेरे."

"साहेब, जिवंतपणी नाही का देत?"

"देतो ना. पण त्यासाठी माणूस लोकांना माहीत असावा लागतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"कोण होतं?" नेवेनाने विचारलं.

"समिती. जीवनगौरव देत होते मला."

"मग?"

"मी फोन उचलला."

नेवेनाने माझ्या ताटलीत आणखी गहू वाढले. "तरी मी सांगत असते, फोन मला घेऊ देत जा."