म्हात्रे मॅडमची कोरी बाटली

म्हात्रे मॅडम माणसाला आधी हुंगतात, मग ओळखतात. आमच्या प्रयोगशाळेच्या दारात त्या उभ्या दिसल्या की मी अजूनही आधी स्वतःचे हात हुंगते. अत्तर, बाम, नेलपॉलिश, काहीच चालत नाही. एकदा मी मोगऱ्याचा गजरा माळून आले, तर तो दिवसभर वॉचमनच्या खुर्चीला लटकत होता. वॉचमन बिचारा खूश होता.

आमचं काम पाण्यातली उडून जाणारी रसायनं शोधायचं. पाणी चिमुकल्या बाटलीत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि यंत्राला द्यायचं. रसायन असेल तिथे कागदावरची रेषा उठते. सांगायला सोपं आहे. पण बाटलीत बुडबुडा राहिला तर रसायन पाण्यातून त्यात पळतं, आणि बाहेरचा वास आत शिरला तर निष्पाप पाणी गुन्हेगार ठरतं. म्हणून मॅडम बाटली काठोकाठ भरतात, झाकण लावून उलटी करतात, टिचकी मारतात आणि श्वास रोखून बघतात. भीतीने आम्हीही रोखतो. बुडबुडा दिसला की "गेलं, उडालं" एवढंच म्हणून बाटली ओततात.

या बाईला आयुष्यात एकच भीती, की आपल्या हातून नमुना बाटेल. निदान मला तसं वाटायचं.

त्यांची आई उलव्याजवळच्या गावात एकटी राहते. भोवती टॉवर उठले, घरात नळ आला, पण म्हातारीला दातांना स्वतः भाजलेली मशेरी आणि प्यायला विहिरीचंच पाणी लागतं. मध्यंतरी त्या पाण्याला रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला. हे मला सांगताना मॅडमची ऑफिसातली भाषा गळून पडली. "आईला कलत नाय गो. ती पितेच हाय."

रविवारी त्या मला सोबत घेऊन गावी गेल्या. आईने त्याच पाण्याचा चहा पुढे केला. मी कप तोंडाला लावणार, तोच मॅडमनी तो हातातून काढून परसात ओतला. शिकून लेकीला माज चढला, असं आई बराच वेळ भिंतीला सांगत होती. विहिरीच्या काठावर मॅडमच्या हातून बाटलीमागून बाटली बुडबुड्याने वाया गेली. वास मलाही येत होता.

नमुन्यांबरोबर बर्फाच्या पेटीत आम्ही एक कोरी बाटली नेतो. प्रयोगशाळेतच शुद्ध पाण्याने भरलेली, वाटेत न उघडलेली. परत आल्यावर तिच्यातही रेषा उठली, तर घाण वाटेत शिरली असं धरायचं आणि नमुना फेकून द्यायचा. कोरी बाटली बिघडली की मॅडम आठवडाभर कुणाशी धड बोलत नाहीत.

सोमवारी विहिरीचं पाणी यंत्रात गेलं. रेषा उठली, रंगात मिसळतात त्या थिनरची उठते नेमकी तिथेच. मॅडमनी कोरी बाटली लावली आणि यंत्रासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"उठू दे गो रेषा," त्या पुटपुटल्या. "माझंच कायतरी चुकलं असू दे."

मीही मनात तेच मागायला लागले. आमची रिक्षा एखाद्या रंगाच्या टेम्पोमागून गेली असेल, पेटीचं झाकण सैल राहिलं असेल, काहीही चालेल.

रेषा सरळच गेली. कोरी बाटली कोरीच होती. मॅडमचं काम नेहमीसारखं चोख झालं होतं.

त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आईला फोन लावला. ते पाणी पिऊ नको, म्हणाल्या. पलीकडून भांडण ऐकू येत होतं. इतकी वर्षं प्यायले, मला काय झालं, वगैरे. मॅडमनी अहवालातलं काहीच सांगितलं नाही.

"आई, मला एकटीला भ्या वाटतं," त्या म्हणाल्या. "तू माझ्याकडं खांदा कॉलनीत राहायला ये."

पलीकडचं भांडण थांबलं. मग म्हातारीने काहीतरी अट घातली असावी, कारण मॅडमनी पदराने डोळे पुसले.

"भाज ना मशेरी. सगल्या घरात वास होऊ दे."